हात केला तर

४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळच्या सात-दहाला चार माणसं. चार! बेचाळीस सीटची गाडी आणि चार माणसं — तीही चार कोपऱ्यांत, जणू घरून भांडून आलीत.

पुढची सीट रिकामीच. ड्रायव्हरला कुणाचा श्वास लागू नये म्हणून साथीच्या वर्षी तिथे लाल-पांढरी पट्टी बांधली होती. ती काढूनही वर्ष होऊन गेलं. मीच कापली, घरच्या कात्रीने. तरी कुणी बसत नाही. चढायचं, कार्ड टेकवायचं, मान खाली घालून थेट मागे. पूर्वी निदान थंडीबद्दल तरी कुणीतरी कुरकुरायचं. आता तेही नाही.

डेपोतला आमचा साहेब यार्मो, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, मला समजावतो — "सिर्पा, मंगळवार तरी बरा जातो हल्ली. सोमवार-शुक्रवार बघ." अरे बघते ना! चालवते कोण? सोमवारी-शुक्रवारी सगळं गाव घरात बसून काम करतं. मंगळवार ते गुरुवार तेवढं शहरात तोंड दाखवून यायचं. तोंड दाखवायच्या दिवशी चार, मग बाकीच्या दिवशी काय बोलायचं?

नऊ-वीसला गिरणीच्या स्टॉपवर आउलिस उभा होता. नेहमीसारखा. हात केला नाही. तेही नेहमीसारखंच. मी दिवे मिचकावले, त्याने टोपीला बोट लावलं. झालं आमचं.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

धुकं. समोरचं झाड दिसणार नाही असं. तरी म्हातारा आलाच होता.

इतकी वर्षं ही वही लिहिते आणि आउलिसबद्दल नीट असं कधी लिहिलंच नाही. मी ही लाईन घेतली त्याला एकोणीस वर्षं झाली. पहिल्या आठवड्यापासून हेल्वी आणि आउलिस केत्तुनेन माझ्या गाडीत. मंगळवारी पोहायच्या तलावावर, शुक्रवारी बाजाराला. दोघं माझ्या मागच्याच सीटवर. हेल्वी खिडकीशी. चढता चढता ती माझ्या तळहातावर एक खारट काळी गोळी ठेवायची. मला ती गोळी अजिबात आवडत नाही! पण इतक्या वर्षांत सांगायची हिंमत झाली नाही. चघळत बसायची.

आणि हात करायचं काम हेल्वीचं. हात केला तर गाडी थांबते, नाही केला तर निघून जाते, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. हिवाळ्यात अंधारात दिसावं म्हणून सगळेच कोटाला काही ना काही चमकतं लटकवतात. हेल्वीचा होता मासा. तळहाताएवढा, रुपेरी. दोरीने खिशाला बांधलेला. तो हातात धरून ती असा काही हात उंचवायची की मला पार वळणावरून दिसायचा. आउलिस शेजारी, दोन्ही हात खिशात. आयुष्यात त्याने एकदाही हात केला नसेल. गरजच काय पडली म्हणा.

साथ आली तेव्हा सत्तरीच्या वरच्यांनी घरातून निघू नये असं सांगितलं. दोघं निघाली नाहीत. इतकं सांभाळून पुढच्या एप्रिलमध्ये हेल्वी गेलीच. इस्पितळात. याला आत सोडलं नाही. फोनवर कळवलं. दफनाला सात माणसं, लांब लांब उभी. मी आठवी, फाटकाबाहेर. शहराच्या दोन स्टॉप अलीकडे ती दफनभूमी आहे. रोज तिच्यावरून जाते.

मग ऑगस्टात एका मंगळवारी नऊ-वीसला पाहते तर आउलिस स्टॉपवर! एकटा. हात नाही केलेला. मी थांबले तरी. दार उघडलं. म्हटलं, "चढताय ना आउलिस?"

"नको बहुतेक. तसं म्हटलं तर हवंही असेल. पण नको."

आम्हा सावो प्रांताच्या माणसांचं हे असंच. सरळ होय म्हणतील तर शपथ. शुक्रवारी परत थांबले, परत विचारलं. तर म्हणाला, "मी कुठे हात केला? जा तू पोरी, उशीर होईल तुला."

उशीर झालाच होता. लगेच यार्मोचा फोन — "गिरणीवर दीड मिनिट काय करत होतीस?" त्यांना तिकडे पडद्यावर सगळं दिसतं. पुढच्या मंगळवारी मी नुसते दिवे मिचकावले. त्याने टोपीला बोट लावलं. मी म्हटलं, मिटलं. म्हाताऱ्याला गाडी बघायची असते, बसायचं नसतं. काही माणसं असतात अशी.

आता सव्वा वर्ष झालं. मंगळवार, शुक्रवार. एक चुकवला नाही त्याने.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

नूराने सायकल घेतली. बॅटरीवाली. गिरणीच्या समोरच्या पिवळ्या घरात राहते ती पोरगी, मूळची हेलसिंकीची, विम्याच्या कचेरीत आहे. साथीच्या आधी पाचही दिवस सात-दहाला असायची, केस ओले, हातात पाव. नंतर आठवड्यातून तीन दिवस. मग दोन. आता आठवड्यातून एकदाच जावं लागतं म्हणे, तेही सायकलने. चौतीस किलोमीटर! आज मला चढावर मागे टाकून गेली. वरून हात केला.

मीही केला. काय करणार? सायकलवरच्या बाईने हात केला तर थांबायचं की नाही, हे कुठे लिहिलेलं नाही.

राग नाही आला. खरं म्हणजे आला.

२ नोव्हेंबर, बुधवार

पहिला बर्फ. दुपारच्या एक-चाळीसला एकही माणूस नाही. हाउकीलाम्पी गावापासून शहरापर्यंत एकटी. रिकामी गाडी फार खडखडते. भरलेली असली की माणसांच्या वजनाने सगळं जागच्या जागी दबून असतं. आज प्रत्येक सीट वेगवेगळी वाजत होती. मी गाणं म्हणून पाहिलं. दुसऱ्या ओळीलाच लाज वाटली.

माणसं मेली नाहीत, गाव सोडून गेली नाहीत. सगळ्या घरांत दिवे आहेत, धुराडी चालू आहेत. फक्त कुणाला कुठे जायचं नाही. सामान दारात येतं. डॉक्टर फोनवर बोलतो. नोकरी स्वयंपाकघराच्या टेबलावर. उरलेल्यांनी गाड्या घेतल्या. पूर्वी ज्या घरात एक होती त्या घरात आता दोन उभ्या असतात. साथीत लागलेली सवय. सवय लागायला दोन वर्षं पुष्कळ झाली.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

यार्मोने बोलावून घेतलं. कॉफी दिली, म्हणजे बातमी वाईट.

जानेवारीत १६ ते २० मोजणी. प्रत्येक फेरीला सरासरी पाच माणसं भरली तर लाईन राहणार. नाही भरली तर फेब्रुवारीअखेर बंद. मग काय? मग टॅक्सी. आदल्या दिवशी चारच्या आत फोन करायचा नाहीतर मोबाईलवर नोंदवायचं, की दुसऱ्या दिवशी दारात येणार.

"लोकांची सोयच आहे उलट," यार्मो म्हणाला. "थंडीत उभं राहायला नको."

"आणि ज्याला आदल्या दिवशी ठाऊक नसतं, उद्या जावंसं वाटेल की नाही?"

"असे किती आहेत?"

माझ्या डोळ्यासमोर एकच होता. हात करत नाही तो फोन करणार?

"तुझं काय अडलंय?" यार्मो म्हणाला. "तुला शहरात लाईन देऊ. गरम, भरलेली." मी कप न पिताच ठेवला. नंतर पस्तावले. कॉफी चांगली होती.

६ डिसेंबर, मंगळवार

स्वातंत्र्यदिन. सुट्टी, गाडी नाही. संध्याकाळी खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या. सगळ्या गावाने लावल्या. फिरून आले. आउलिसच्या खिडकीतही दोन. बराच वेळ उभी राहिले रस्त्यावर. आत गेले नाही.

गाडी नसूनसुद्धा सकाळी तो स्टॉपवर आला असेल का? बर्फात पावलं होती. कुणाचीही असतील.

२४ डिसेंबर, शनिवार

आईबाबांच्या कबरीवर दिवा लावला. येताना हेल्वीच्या कबरीवर लावला. तिथे आधीच एक होता. मुलाने आणलं असेल आउलिसला. मुलगा आहे पासी म्हणून, दक्षिणेला असतो. बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान मुलगा नेतो.

८ जानेवारी, रविवार

पस्तीस चिठ्ठ्या लिहिल्या. हाताने! छापलेलं कोण वाचतो. "१६ ते २० मोजणी आहे. त्या आठवड्यात एकदा तरी गाडीत बसा. स्टॉपवर हात करा, मी थांबेन. — सिर्पा, ड्रायव्हर." मग घरोघर हिंडले. अठरा अंश उणे.

नूराकडे गेले. बूट काढायला लावले, बसायला दिलं. म्हणाली, "कॉफी घेणार?" मी म्हटलं, "नको नको, त्रास नको." तर बया म्हणते, "बरं," आणि किटली उचलून ठेवली! एकदा विचारलं आणि संपलं! मी तिच्याकडे बघतच राहिले. अगं, माणूस दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप" म्हणतो, आणि मग तीन कप पितो. हेच रीतीचं आहे. माझ्या आईने तर तिसऱ्यांदा न विचारणाऱ्या घरी पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. आणि ही हेलसिंकीची पोर — सात वर्षं झाली इथे — नको म्हणजे नको समजते! तोंड कोरडं घेऊन बाहेर पडले. रस्ताभर एकटीच हसत होते.

येईन म्हणाली मात्र. "एक दिवस नक्की. शप्पथ." कानकोंडी झाली होती बिचारी.

आउलिसच्या धुराड्यातून धूर येत होता. दार वाजवावं असं फार वाटलं. पण तिथे बसले की दोन तास गेले, आणि वीस टपालपेट्या बाकी. फाटकाच्या पेटीत चिठ्ठी टाकली आणि पुढे गेले.

१० जानेवारी, मंगळवार

दिवे मिचकावले. टोपीला बोट. आणि मग — त्याने कोटाच्या खिशावर थाप मारली. दोनदा. चिठ्ठी! वाचलीय त्याने. दिवसभर मी उगाच खूश.

१६ जानेवारी, सोमवार

मोजणी सुरू. सात-दहाला सहा! दुकानवाली आली, तिला कुठेही जायचं नव्हतं, शहरात उतरून उलट्या गाडीने परत. नऊ-वीसला सात. दुपारी दोन. सरासरी लागेल असं वाटायला लागलंय. लिहीत नाही पुढे. नजर लागेल.

१७ जानेवारी, मंगळवार

उणे तेवीस. पहाटे गाडीचं मागचं दार गोठलेलं, गरम पाण्याने सोडवलं. नऊ-वीसला चार मिनिटं उशिरा निघाले. आत आठ माणसं! आठ!!

गिरणीच्या अलीकडे गाडी हळू केली. म्हटलं, आज म्हातारा चढणार. अजून नीट उजाडलं नव्हतं. उभा होता. डाव्या हाताने स्टॉपच्या खांबाला मिठी मारून, खांबाशी गप्पा मारत असल्यासारखा. आणि हेल्वीचा मासा आज त्याच्याकडे! उजव्या हातात. पण पार खाली, गुडघ्यापाशी. झोके घेत होता, चमकत होता.

वाट पाहिली. हात वर गेला नाही. मागून एकाने विचारलं, "काय झालं, थांबतेस का?" मी दिवे मिचकावले. आज टोपीला बोटही नाही. नुसता बघत राहिला.

रुसला बहुतेक. रुसू दे! मीही रुसले. इतकं हाताने लिहून विनवलं, एक दिवस चढायला काय जात होतं? खांब धरून शोभा बघत उभा! नववा माणूस झाला असता. अकराला परत आले तेव्हा स्टॉप रिकामा. असता तरी मी दिवे मिचकावलेच नसते.

१८ जानेवारी, बुधवार

सात-दहाला नूरा चढली. पुढच्या दाराने. आणि पुढच्या सीटवर बसली, अगदी माझ्या पाठीशी, जिथे साथीपासून कुणी बसलेलं नाही. मला आनंद झाला. म्हटलं, "अगं, शब्दाची पक्की निघालीस की!"

ती रडत होती.

काल सव्वादहाला तिने रुग्णवाहिका बोलावली. आउलिस बर्फात पडलेला, खांबाच्या पायथ्याशी. मेंदूचा झटका. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "मला खिडकीतून दिसत होते ते," ती म्हणाली. "साडेनऊला पाहिलं मी. पण ते नेहमीच उभे असतात ना सिर्पा? माझी मीटिंग चालू होती. कॅमेरा चालू होता. उठता येईना. नेहमीसारखेच उभे होते ते. तू गेल्यावर एरवी परत जातात घरी, ते काल गेले नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

गाडी कशी चालवली शहरापर्यंत, देव जाणे.

त्याचा उजवा हात वर जात नव्हता. डाव्याने खांब सोडला असता तर पडला असता. मासा हातात घेऊन आला होता — हात करायला. पहिल्यांदा आयुष्यात. आणि मी थांबले होते. पूर्ण उभी नाही, पण थांबल्यातच जमा. आठ पावलांवर होता. दार उघडून नुसतं "काय हो?" म्हटलं असतं. नाही म्हटलं. दिवे मिचकावले आणि गेले. त्याने माझे मागचे दिवे वळणापर्यंत बघितले असतील.

काल काय लिहिलंय ते वाचवत नाही. पान फाडणार होते. नाही फाडलं. राहू दे. मी असं लिहिलं होतं हे राहू दे.

२० जानेवारी, शुक्रवार

चार पूर्णांक आठ.

यार्मो म्हणाला, "फार जवळ आलं होतं, सिर्पा. मलाही वाईट वाटतं." आणि खरंच वाटत होतं त्याला, तोंडावर दिसत होतं.

मी म्हटलं, "मंगळवारी नऊ-वीसला गिरणीवर एक माणूस होता. तो धर."

"चढला का?"

"नाही."

"मग कसा धरू?"

"चढायला आला होता."

"सिर्पा." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघ. गाडी थांबल्याची नोंदच नाही इथे."

नाहीच आहे. बरोबर आहे त्याचं. एका माणसाने काही पाच भरले नसते, हेही मला कळतं. तरी डेपोच्या न्हाणीघरात जाऊन रडले. साठीला आलेली बाई, नळ सोडून.

२४ जानेवारी, मंगळवार

सुट्टी टाकून इस्पितळात गेले. तो झोपला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात चादरीवर नुसता ठेवलेला, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

मुलगा होता, पासी. माझ्याहून थोडा लहान, बापासारखेच कान. मी नाव सांगितलं तर एकदम उभा राहिला, माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्हीच का सिर्पा! बाबा फोनवर नेहमी तुमचं नाव घेतात. मी दर रविवारी विचारायचो, आईकडे जाऊन आलात का? म्हणायचे, गेलो होतो की. मंगळवारी आणि शुक्रवारी. सिर्पा नेते. मला त्या फाटकाशीच उतरवते. तुमचे उपकार कसे फेडू? मला एवढ्या लांबून यायला जमत नाही. वर्षातून एकदा, नाताळला येतो."

त्याला काय सांगू? की तुझा बाप जवळजवळ दीड वर्ष त्या स्टॉपवर उभा राहिला आणि एकदाही माझ्या गाडीत बसला नाही? की नाताळ सोडला तर आईकडे कुणीच गेलं नाही?

"उपकार कसले," म्हटलं. खोटं बोलले. म्हाताऱ्याने जे सांगितलं होतं तेच मी पुढे चालवलं.

निघताना पासीने बापाच्या कोटाच्या खिशातलं सामान दाखवलं. गाडीचं कार्ड. मासा, दोरीसकट. एक मेणबत्ती, काचेच्या डबीतली, कबरीवर लावतात ती. आणि माझी चिठ्ठी. चारपदरी घडी, घडीवर मळलेली. "स्टॉपवर हात करा, मी थांबेन."

कार्डात पैसे मोजणीच्या आदल्या दिवशीच भरलेले, पावती सोबतच होती.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

गिरणीवरून जाताना दिवे मिचकावले जातात. हाताला सवय.

त्याला आता दीर्घ उपचारांच्या घरी हलवलंय. शहरात, तलावाजवळ. पासी म्हणाला, समजतं सगळं, शब्द तेवढे येत नाहीत. मी अजून गेले नाही परत. जायचं तर आहे. काय तोंडाने जाऊ?

नूरा मात्र दोनदा जाऊन आली. सायकलने, त्या बर्फात! म्हणाली, "तू का येत नाहीस? डोळे दाराकडे लागलेले असतात त्यांचे." म्हटलं, बघते.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटचा दिवस. आणि गाडी भरलेली! सात-दहाला पंचेचाळीस. माणसं उभी. केक काय, फुलं काय, फोटो काय. वर्तमानपत्रवाला आला होता. जे पंधरा वर्षांत चढले नाहीत तेही आले, पोरांना घेऊन, आठवण म्हणून. एक बाई मला मिठी मारून म्हणाली, "किती वाईट झालं ना गं, अशी लाईन बंद करतात!" मी म्हटलं, "मोजणीच्या आठवड्यात कुठे होतीस?" बोलून गेले. तिचं तोंड एवढंसं झालं. बरं झालं की वाईट झालं, मला ठरवता येत नाही.

तरी त्या गर्दीत कुणी पुढच्या सीटवर बसत नव्हतं. आपोआप रिकामी राहिलेली. शेवटी यार्मो येऊन बसला. साहेब शेवटच्या दिवशी स्वतः आला होता.

नऊ-वीसला गिरणीवर मी थांबले. पूर्ण थांबले. दार उघडलं. थंडी आत आली. सगळे माना उंचावून बघत होते, इथे कोण चढतंय? कुणी नव्हतं. यार्मोने घड्याळ बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. दीड मिनिट झालं असेल. मग दार लावलं.

उतरताना सगळ्यांनी धन्यवाद म्हटलं. एकोणीस वर्षांचे एकदम.

३ मार्च, शुक्रवार

गेले शेवटी. थर्मासमधून कॉफी नेली. त्याने ओळखलं. डोळे भरले, माझेही. बोलता येत नाही, मीच बडबडले. मग कॉफी ओतली. "घेताय?" मान हलवली — नको. "घ्या की, घरची आहे." नको. बरं, म्हटलं, आणि झाकण लावायला घेतलं.

तर त्याचा डावा हात पांघरुणातून निघाला. हळूहळू वर गेला. पार डोक्याच्या वर, हेल्वी करायची तसा.

थांबले. तिसऱ्यांदा विचारलं. अर्धा कप घेतला.

त्या ऑगस्टात, गाडीच्या दाराशी, मी दोनदाच विचारलं होतं.